ब्लूगिल आणि क्रॅपीसाठी आमिष: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

अमेरिकेत तव्यात मावतील एवढ्या माशांना सरसकट पॅनफिश म्हणतात. ब्लूगिल, पम्पकिनसीड, रेडइअर, काळी आणि पांढरी क्रॅपी, यलो पर्च हे सगळे त्यात येतात, आणि आमिष घेताना पहिली फसगत इथेच होते. नाव एक असलं तरी या माशांची तोंडं एकसारखी नाहीत. ब्लूगिलचं तोंड एवढंसं असतं. तो आमिषाचा लचका तोडत नाही, पाण्यासकट आत ओढतो, आणि पसंत पडलं नाही तर तितक्याच झटक्यात थुंकून टाकतो. क्रॅपीचा जबडा मोठा, पण ओठांमागची कातडी कागदासारखी पातळ. रेडइअर तळाशी गोगलगायी शोधत फिरतो आणि घशातल्या दातांनी शंख फोडतो. पर्च तळालगत टोळीनं हिंडतात. त्यामुळे पाकिटावर "सर्व पॅनफिशसाठी" असं छापलेलं दिसलं की ते पाकीट परत खुंटीला अडकवावं.

जिवंत आमिष चांगलं की नकली, हा वाद आम्हांला दुय्यम वाटतो. आधी आकार, मग वेग, आणि त्यानंतर जिवंत-नकली. तळ्यात मासे कुठे आहेत हे माहीत नसेल तेव्हा नकली आमिष वरचढ ठरतं, कारण तासाभरात शंभर ठिकाणी टाकून ओढता येतं, दर वेळी गळावर नवं काही लावावं लागत नाही. मासे सापडले आहेत पण तोंड लावत नाहीत, अशा वेळी जिवंत आमिष बाजी मारतं. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मासा पाठलाग करत नाही. तिथे पळणारा स्पिनर (फिरत्या पात्याचं नकली आमिष) फुकट, आणि जागच्या जागी वळवळणारी बारीक अळी हुकमी. खालचं सगळं याच कसोटीवर तपासलं आहे.

रातकिडे

मे-जूनमध्ये ब्लूगिल घरटी करून बसलेले असताना रातकिड्याला तोड नाही. पाणी 20 ते 27 अंशांच्या दरम्यान असतं, घरटी बहुधा अर्धा ते दीड मीटर खोलीवर असतात, आणि हळूहळू खाली जाणारा किडा नर सहसा सोडत नाही. (म्हणूनच घरट्यांवरचे सगळे मोठे नर एका दिवसात उचलू नयेत. राखणदार गेला की अंडी इतर मासे फस्त करतात.)

गळ लांब दांडीचा, बारीक तारेचा ॲबरडीन, 8 नंबर. मासे लहान असतील तर 10 नंबर. गळांत आकडा वाढला की गळ लहान होतो, हे नवखे हमखास उलटं समजतात. किड्याच्या डोक्यामागे कडक ढालीसारखा भाग असतो. त्याच्या मागच्या कडेखालून टोक घालून पाठीतून बाहेर काढायचं. पोटातून आरपार केलं की किडा लगेच मरतो आणि दुसऱ्याच फेकीला गळून पडतो. मासे नुसतेच टोचून पळत असतील तर शेपटीकडून दांडीवर ओवावा. किडा मरतो, पण गळाचं टोक नेमकं ब्लूगिलच्या तोंडात जातं. वर 20-25 सेंटीमीटरवर शिशाचा एकच बारीक छर्रा. छर्रा जड झाला की किडा दगडासारखा खाली जातो आणि त्याची सगळी करामत संपते.

रातकिडे मरतात ते दोन कारणांनी: बंद गाडीतली उष्णता आणि डब्यातली ओल. डबा हवेशीर हवा, आत पुठ्ठ्याचे तुकडे आणि पाण्याऐवजी बटाट्याची फोड. फोड दुसऱ्या दिवशी बदलायची. ओलसर डब्यात एका रात्रीत निम्मे मरतात आणि उरलेल्यांना घाण वास येतो. 2010 च्या सुमारास घरगुती रातकिड्यांमध्ये डेन्सोव्हायरसची साथ आली आणि अमेरिकेतल्या बऱ्याच पाळणाऱ्यांनी पट्टेरी जातीचे किडे धरले. ते काटक आहेत, पण उड्याही जास्त मारतात. म्हणून झाकण पूर्ण उघडायचं नाही, नळीतून एकेक काढायचा. दोघांना अर्ध्या दिवसाला 50 किडे पुरतात.

दोष एवढाच की रातकिडा एकदा टाकून वाट बघण्याचं आमिष आहे. लांब फेकलं, जोरात ओढलं की गळ रिकामा. क्रॅपीला तो क्वचितच आवडतो.

गांडुळं

लाल गांडूळ आणि नाइटक्रॉलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकाच मालाचे लहान-मोठे आकार नव्हेत. लाल गांडूळ, म्हणजे गांडूळखताच्या पेटीतलं, उन्हाळा बऱ्यापैकी सोसतं, डबी सावलीत ठेवली की दिवसभर वळवळतं, आणि ब्लूगिलच्या तोंडाच्या मापाचं असतं. नाइटक्रॉलर थंडीचा प्राणी. त्याला 4 ते 10 अंशांत ठेवावं लागतं. उन्हात डबी राहिली तर तासाभरात तो ढिला पडतो आणि गळावर चिखलासारखा घसरतो.

नाइटक्रॉलर अख्खा लावणं ही पॅनफिशच्या गळावरची सगळ्यात सामान्य चूक. फ्लोट (तंगुसावरची तरंगती खूण) नाचतो, बुडतो, वर येतो, आणि ओढलं की गळ साफ. होतं असं की ब्लूगिल लोंबणारं टोक धरून ओढतो, गळाचं टोक त्याच्या तोंडापासून चार बोटं लांब असतं. दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, मोज्यासारखा गळावर चढवायचा आणि जेमतेम एक सेंटीमीटर शेपूट मोकळी ठेवायची. एवढ्यानं निम्म्या हुकलेल्या ओढी जमा होतात.

रेडइअरसाठी आमची पसंती निर्विवादपणे गांडूळ. फ्लोट काढून टाका, तळाला टेकवा, हलवू नका. तो फिरत्या वस्तूमागे फारसा लागत नाही. पर्चलाही तळालगतचा गांडुळाचा तुकडा चालतो, पण पर्चची टोळी पुढे सरकली की तुम्हांलाही सरकावं लागतं.

गांडुळाची खरी अडचण वेगळीच आहे. ते सगळ्यांना आवडतं. बोटाएवढे ब्लूगिल, कॅटफिशची पिल्लं, कासवं, सगळे येतात. मोठा मासा पोचण्याआधी गळावरचं संपलेलं असतं. शिवाय लहान मासे ते घशापर्यंत गिळतात. गळ खोल गेला तर ओढाताण करू नये, तोंडाशी तंगूस (गळाचा दोरा) कापून मासा सोडून द्यावा. ज्यांना मासे परत सोडायचे आहेत त्यांच्यासाठी नकली आमिषाच्या बाजूनं हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. जिगचा (वजनदार डोकं जडवलेल्या नकली आमिषाचा) गळ बहुतेक वेळा ओठातच अडकतो, कारण जिग तोंडात जाताच हातातल्या तंगुसाला कळतं.

वॅक्सवर्म, स्पाइक, मीलवर्म

बर्फावरच्या मासेमारीत हेच राजे. वॅक्सवर्म म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणकिड्याच्या अळ्या: मऊ, पांढऱ्या, रसाळ. लोक त्या घरी नेऊन थेट फ्रीजमध्ये ठेवतात आणि दोन-चार दिवसांत डबीभर काळ्या अळ्या पाहून दुकानदाराला शिव्या देतात. यात दोष फ्रीजचा. त्यांना 13 ते 16 अंश लागतात, म्हणजे तळघराची पायरी किंवा थंड खोलीचा कोपरा. काळी पडलेली अळी मेलेली असते, ती लावू नये. स्पाइक, म्हणजे मांसमाशीच्या अळ्या, यांचं नेमकं उलट: त्या 1 ते 4 अंशांतच ठेवायच्या, नाहीतर कोश करून बसतात. मीलवर्मला कोंड्यात घालून साधा फ्रीज चालतो. त्यांची कातडी चिवट असल्यामुळे एका अळीवर तीन-चार मासे निघतात, पण रस कमी, म्हणून अगदी रुसलेल्या माशांपुढे वॅक्सवर्मच सरस.

स्पाइक लावायची रीत महत्त्वाची. एक टोक निमुळतं, एक बोथट. बोथट टोकाची नुसती कातडी गळावर टिपायची. आरपार केलं की आतला रस सांडतो आणि उरते ती रिकामी साल. ताजी अळी वळवळली पाहिजे. वळवळ थांबली की बदलायची, कंजुषी करायची नाही.

मिनो

क्रॅपीसाठी 4 ते 6 सेंटीमीटरचा फॅटहेड मिनो, म्हणजे एक जातीचा चिमुकला जिवंत मासा, हे जुनं आणि अजून न हरलेलं आमिष. 4 किंवा 2 नंबरचा बारीक तारेचा ॲबरडीन घ्यायचा. क्रॅपी बुडालेल्या झाडाझुडपांत राहते, गळ फांदीत अडकणारच. बारीक तार जोर लावला की सरळ होते, गळ सुटून येतो आणि पकडीनं पुन्हा वाकवता येतो. जाड तारेचा गळ तिथे तंगूस घेऊन जातो. फ्लोटखाली मिनो पाठीवरच्या पराच्या जरा मागून टोचायचा, कण्याला धक्का न लावता. ओढत नेणार असाल तर खालच्या ओठातून वरच्या ओठात.

क्रॅपीचे डोळे वरचं पाहायला बसवलेले असतात. ती खालून वर येऊन खाते, खाली जाऊन क्वचितच. मासे 4 मीटरवर दिसत असतील तर आमिष साडेतीन मीटरवर. 4 मीटर 30 सेंटीमीटरवर टाकलेला मिनो दिवसभर जिवंत राहतो आणि तसाच परत येतो.

पण सांभाळ म्हणजे छळ आहे. आठ-दहा लिटरच्या बादलीत दोन-तीन डझनांच्या वर कोंबू नयेत, हवेचा पंप चालू हवा, पाणी थंड हवं. नळाचं क्लोरीनचं पाणी घातलं की संपलं. गरम बादलीत एकदम बर्फ टाकणं हेही तितकंच वाईट, त्या धक्क्यानं मिनो पोट वर करतात. बर्फ बंद पिशवीत घालून तरंगत ठेवावा. एवढा खटाटोप ज्याला झेपतो त्यानंच मिनो घ्यावेत. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी दोन तास जाणाऱ्यानं खुशाल पुढचा भाग वाचावा.

जिग आणि मऊ प्लॅस्टिक

नकली आमिषांत एकच प्रकार घ्यायचा तर बारीक जिग. शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, त्याला गळ, मागे पिसं किंवा प्लॅस्टिकचं अंग. सगळी गंमत वजनात आहे. 1/64 औंस म्हणजे जेमतेम 0.44 ग्रॅम, 1/32 औंस 0.9 ग्रॅम, 1/16 औंस 1.8 ग्रॅम. ब्लूगिलला 1/64, क्रॅपीला 1/32 आणि वारा असेल किंवा तीन मीटरच्या खाली जायचं असेल तर 1/16. 1/8 औंसाचे जिग पॅनफिशच्या पाकिटांत घालून विकले जातात, ते घेऊ नका. मासा खाली बुडणाऱ्या जिगवर तोंड टाकतो आणि तो जितका रेंगाळत बुडेल तितकी संधी जास्त.

इथेच तंगुसाचा हिशेब येतो. 0.44 ग्रॅमचा जिग 8 पौंडी, म्हणजे 8 पौंड ताण सोसणाऱ्या, तंगुसावर फेकून पाहा, समोर पाच हातांवर पडेल. 2 ते 4 पौंडी तंगूस हवा, झाडाझुडपांत फार तर 6 पौंडी. तेवढ्यानंही फेक जमत नसेल तर जिगच्या वर फ्लोट बांधा, वजन फ्लोट पुरवतो.

मॅराबू पिसांचा जिग थंड पाण्यात सर्वांत उजवा, कारण तो स्थिर असतानाही पिसं पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलतात. कर्ली टेल, म्हणजे वळलेल्या शेपटीचा ग्रब, याचं उलट आहे: ओढला तरच शेपटी चालते. आणि ब्लूगिल तीच शेपटी कुरतडून नेतो. पाकिटातले निम्मे ग्रब शेपटीविना घरी येतात. बॉबी गार्लंडचा 2 इंची बेबी शॅड क्रॅपीसाठी आम्ही बिनधास्त सुचवतो. त्याची सुईसारखी शेपटी हात नुसता थरथरला तरी हलते, मुद्दाम नाचवावं लागत नाही. ब्लूगिलला मात्र 2 इंच जास्तच. त्यांच्यासाठी ट्राउट मॅग्नेटचं 1/64 औंसाचं डोकं आणि त्याचं दुभंगलेल्या शेपटीचं छोटं अंग, नाव ट्राउटचं असलं तरी, मापात बसतं.

इलॅझटेक नावाच्या ताणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकची अंगं तुटत नाहीत, एकावर खूप मासे निघतात. पण ती नेहमीच्या मऊ प्लॅस्टिकबरोबर एकाच कप्प्यात ठेवू नका. दोन्ही एकमेकांत वितळून रंगीत गोळा होतो. ती डोक्यावर चढवतानाही चिकटून बसतात, गळाची दांडी आधी ओली करायची.

आता एक बारीक गोष्ट, जी पाकिटावर लिहिलेली नसते. जिगचं नेढं डोक्याच्या माथ्यावर असतं. गाठ नेढ्यात मधोमध किंवा किंचित मागे असेल तर जिग पाण्यात आडवा राहतो, छोट्या माशासारखा. एक मासा लागला, ओढाताण झाली, की गाठ पुढे सरकते आणि जिग नाक वर करून उभा लटकतो. उभ्या जिगला क्रॅपी येते, पाहते आणि वळते. दर माशानंतर गाठ नखानं मागे ढकला. दोन सेकंदांचं काम.

रंगावर दुकानं भरलेली असतात. स्वच्छ पाण्यात पांढरा किंवा पारदर्शक, गढूळ पाण्यात काळा-शार्ट्रूज (शार्ट्रूज म्हणजे झगझगीत पिवळट हिरवा), आणि एवढ्यावर थांबावं. मासा येत नसेल तर आधी खोली बदला, मग वजन, मग वेग. रंगाची पाळी चौथी.

स्पिनर

जॉन्सन बीटल स्पिन हा सेफ्टी पिनसारख्या तारेवर पातं आणि खाली छोटा जिग असा सोपा प्रकार. अनोळखी तळ्यावर पहिली वीस मिनिटं हाच टाकावा. 1/32 औंसाचा घेऊन पातं जेमतेम फिरेल इतक्या सावकाश ओढायचा. पातं फिरायचं थांबलं तर बहुतेक वेळा तार वाकलेली असते. पातं आणि गळ एका रेषेत आणा, पुन्हा चालू. मेप्स अग्लियाचे 0 आणि 00 नंबर पर्चला छान, पण दोन अडचणी आहेत. तंगुसाला पीळ पडतो, म्हणून 40-50 सेंटीमीटर वर बारीक स्विव्हेल (स्वतःभोवती फिरणारी कडी) लागतंच. आणि तीन तोंडी गळ ब्लूगिलच्या इवल्या तोंडातून काढताना मासा जखमी होतो. तिथे एकेरी गळ बसवून घ्यावा.

वासाचं आमिष आणि मधला मार्ग

बर्कलीचं गल्प पाण्यावर आधारलेलं असतं, म्हणून त्याचा वास पाण्यात चांगला पसरतो. याच कारणानं ते हवेत सुकतं. जेवायला बसलात आणि गळावर तसंच राहिलं, तर परत येईपर्यंत त्याचा खडा झालेला असतो आणि तो सुरीनं कापून काढावा लागतो. डबीतला रस सांडला तर बाकीचे तुकडेही तसेच. क्रॅपी निबल्स नावाचे मऊ दाणे मिळतात. त्यातला एक जिगच्या टोकावर लावला तर मासा आमिष क्षणभर जास्त धरून ठेवतो. तेवढ्यासाठी चांगले, एकटे लावण्यात अर्थ नाही.

आमच्या मते सर्वांत किफायतशीर जोडी म्हणजे 1/64 किंवा 1/32 औंसाचा जिग आणि त्याच्या गळावर एक वॅक्सवर्म, नाहीतर एक सेंटीमीटर लाल गांडूळ. रंग आणि हालचाल जिगची, वास आणि चव अळीची. अट एकच: वरचं जिवंत आमिष लहान हवं. तीन अळ्या लावल्या की जिगचा तोल जातो आणि तो भोवऱ्यासारखा गरगरतो.

फ्लोटबद्दल थोडक्यात: लाल-पांढरा गोल चेंडू टाळा. तो बुडवायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात ब्लूगिल आमिष थुंकून मोकळा होतो. पेन्सिलीसारखा बारीक फ्लोट घ्या आणि नुसतं टोक पाण्यावर राहील इतके छर्रे लावा. दीड मीटरच्या खाली जायचं असेल तर सरकता फ्लोट आणि वर दोऱ्याची अडगाठ.

खरेदीआधी राज्याचे नियम वाचावेत, कारण आमिष त्यावरही ठरतं. न्यू हॅम्पशायरमध्ये 1 औंस किंवा त्याहून हलके शिशाचे जिग आणि वजनं गोड्या पाण्यात वापरता येत नाहीत. म्हणजे वर सांगितलेले सगळे जिग तिथे टंगस्टनचे किंवा कथलाचे हवेत. टंगस्टन महाग, पण शिशाहून जड असल्यामुळे त्याच वजनाचा जिग आकारानं लहान होतो आणि बर्फाखालच्या ब्लूगिलला तो उलट अधिक पटतो. काही पाण्यांत जिवंत मिनोला बंदी आहे, काही ठिकाणी फक्त नकली आमिष चालतं, आणि एका तळ्यातलं मिनोचं पाणी दुसऱ्या तळ्यापर्यंत नेणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. उरलेली गांडुळं काठावर सोडणं दयाळूपणाचं वाटतं, पण ग्रेट लेक्सच्या भागातल्या जंगलांत मुळात गांडुळं नव्हतीच. हिमयुगानंतर ती माणसानं आणली आणि तिथला पाचोळ्याचा थर ती खाऊन टाकतात. उरलेली डबी झाकण लावून कचऱ्यात टाकायची, मिनोही तसेच.